प्रलंबित खेळांचा निपटारा

जुळे सोलापूर
रविवार, ८ जून २०२५

चेतना,

वर आधी ‘चि. सौ.’ लिहिलं होतं, ते खोडलेलं तुला दिसेल. ‘सौ.’ काढून टाका म्हणून माझाच मुलगा कोर्टात गेला आहे, आणि ‘चि.’ लिहिण्याचा हक्क मला उरला आहे की नाही ते तू ठरवायचं. म्हणून नुसतं नाव.

दोन गोष्टी आधीच सांगतो, म्हणजे पत्र फाडायच्या आत तुला कळतील. हे पत्र मला कुणी लिहायला सांगितलेलं नाही. उलट आशिषच्या वकिलांनी बजावलं आहे, ‘काका, तुम्ही आपले साक्षीदार. सुनेशी एक अक्षर बोलायचं नाही.’ बोलत नाही, लिहितो आहे. आणि दुसरं, ‘झालं गेलं विसर, परत ये’ असं म्हणायला मी लिहीत नाही. येऊ नकोस.

आता विषय. कॉलेजच्या ऑफिसात चौतीस वर्षं काढली, विषय लिहिल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. विषय : प्रलंबित खेळांचा निपटारा. संदर्भ : हॉलमधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली, तुझ्या अक्षरातली सहा खेळांची यादी.

तू एक बॅग घेऊन केमला माहेरी गेलीस त्याला पंधरा महिने झाले. तुझं गेमचं मशीन आशिषने माळ्यावर टाकलं होतं. विकणार होता. वकील म्हणाले, राहू दे, पुरावा आहे. गेल्या सोमवारी तो ऑफिसला गेल्यावर मी शिडी लावून ते खाली काढलं. तुझी सासू पलंगावरून ओरडत होती, ‘अहो, पडाल की! आता दोघांनीबी पडून ऱ्हायचं का?’ अव्वाचा आवाज अजून तसाच आहे. कंबरेखालचंच सगळं गेलं.

कुठली तार कुठं लावायची ते तू प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवलेलं होतं, ते माझ्यासाठीच होतं हे मला माहीत आहे. यादीतले सगळे खेळ तू घेऊन ठेवलेले, एकही पुरा न केलेला. ‘अप्पा, एकदा निवांत वेळ मिळू दे, ओळीने संपवते बघा,’ म्हणायचीस. या घरात तुला तो मिळाला नाही. मला भरपूर आहे. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला कुणी काम सांगत नाही. तेव्हा मी ते ओळीने संपवणार आणि कसे वाटले ते तुला कळवणार. उत्तराची अपेक्षा नाही.

पहिला खेळ, होडीतून टपाल वाटायचा. सतरा बेटं, त्यांवर मांजरं राहतात. चार दिवसांत संपवला. आवडला. तक्रार एकच : पत्र चुकीच्या बेटावर टाकलं तरी कुणी रागावत नाही. मांजर हसतं आणि स्वतःच पुढे पोचवतं. असं टपाल खातं मी तरी पाहिलेलं नाही. शेवटी वादळ येतं आणि दीपगृहातल्या म्हाताऱ्या मांजराचं पत्र पोचवायचं असतं. तीनदा बुडालो, चौथ्यांदा पोचलो. पत्रात काय होतं ते मात्र खेळ शेवटपर्यंत सांगत नाही. दोन दिवस मला त्याचा राग होता. मग वाटलं, बरोबर आहे. पोस्टमनने कशाला वाचायचं?

दाव्याला जोडलेलं माझं प्रतिज्ञापत्र तुला मिळालं असेल. खाली सही माझीच आहे. चष्मा जवळ नव्हता. वकिलांनी बोट ठेवलं तिथं केली.

त्या मंगळवारबद्दल मी या पत्रात लिहीत नाही.

सिद्रामप्पा


जुळे सोलापूर
रविवार, २९ जून २०२५

चेतना,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं असं धरतो.

दुसरा खेळ शेतीचा. हा मला अजिबात आवडला नाही. नळ सोडला की पाणी येतं! कुठल्याही वेळी! सोलापुरात आपण चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याची वाट बघत बादल्या मांडून बसतो, आणि इथं पोरगं झारी घेऊन दिवसभर भोपळ्याला पाणी घालतंय. पाऊसही अगदी वेळेवर. गावातली माणसं इतकी गोड बोलतात की मला संशय यायला लागला. पण संपवला. सोडायचा नाही असं ठरवलं होतं.

तिसरा रेल्वे स्टेशनचा. एकच फलाट, तीन गाड्या, सांधे बदलून कुणाला आधी सोडायचं ते आपण ठरवायचं. हा उत्तम. केमच्या स्टेशनात आम्ही तुझ्या लग्नाची बोलणी करून परतताना दोन तास बसलो होतो ते आठवलं. तुझे वडील सारखे म्हणत होते, ‘येईल आता, येईल आता.’ या खेळात गाडीला उशीर झाला की फलाटावरची माणसं लाल होतात. एक बाई होती, ती कधीच लाल झाली नाही, नुसती बाकावर बसून राहिली. तिची गाडी कुठली ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. तुला सापडली तर कळव. नाही कळवलंस तरी चालेल.

आता घरातलं. मी सकाळी खेळायचो, आशिष यायच्या आत सगळं आवरून ठेवायचो. गेल्या आठवड्यात एकदा तो लवकर आला. दारातच उभा.

‘अप्पा, हे काय लावलंय तुम्ही?’

‘गाडी सोडायलोय. थांब, मालगाडी मधेच आलीय.’

‘ते मशीन कोर्टात दाखवायचं आहे. पुरावा आहे तो!’

‘पुरावा आहे तर कुणीतरी तपासायला नको?’

त्याने तार उपटली. मी तो आत गेल्यावर परत लावली. आता मी सकाळी खेळत नाही. संध्याकाळी सहाला, हॉलमध्ये, दिवा लावून, तो सोफ्यावर बसलेला असताना खेळतो. तो उठून जातो. जाऊ दे.

आणि खरंच तपासलं मी. खेळ जिथं थांबवला तिथं मशीन तारीख आणि वेळ लिहून ठेवतं, हे तूच मला शिकवलं होतंस. तुझ्या नावापुढच्या सगळ्या वेळा मी एका वहीत उतरवून काढल्या. दोन वर्षांच्या. सगळ्या दुपारी अडीच ते सव्वातीनच्या मधल्या. अव्वा जेवून झोपायची ती वेळ. एकही सकाळ नाही, एकही संध्याकाळ नाही. दाव्यात लिहिलंय की ‘पत्नी सकाळ-संध्याकाळ घरकाम टाकून व्हिडिओ गेम खेळते’, आणि त्यापायीच सासूचं बाथरूममध्ये पडून मांडीचं हाड मोडलं, कानाला हेडफोन असल्याने हाका ऐकू गेल्या नाहीत. ‘साक्षीदार क्र. २ यांनी हे समक्ष पाहिले.’ साक्षीदार क्र. २ म्हणजे मी.

तुझं लेखी उत्तरही वाचलं. ‘घटस्फोट मलाही हवा आहे. पण या कारणाने नाही.’ चौतीस वर्षांत इतकी नेमकी टिपणी माझ्या टेबलावर आली नाही.

माझी साक्ष १९ ऑगस्टला आहे.

सिद्रामप्पा


जुळे सोलापूर
रविवार, २० जुलै २०२५

चेतना,

चौथा खेळ, हवेलीतला खून. याला तीन आठवडे लागले, कारण इंग्रजी फार आहे. शब्दकोश मांडीवर घेऊन खेळलो. हवेलीचा मालक जिन्याखाली मरून पडलेला असतो आणि घरातल्या सात जणांपैकी कुणी मारलं ते आपण शोधायचं. प्रत्येकाला प्रश्न विचारायचे, खोल्या धुंडाळायच्या, शेवटी एकाचं नाव घ्यायचं.

मी मोलकरणीचं नाव घेतलं. तिच्या एप्रनला डाग होता आणि ती फार कमी बोलत होती. मला वाटायचं, खेळ म्हणेल, ‘चूक, परत प्रयत्न करा.’ पण हा खेळ तसं काहीच म्हणत नाही. पोलीस येतात, तिला घेऊन जातात, बाकीचे सहा जण जेवायला बसतात, आणि पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं यायला लागतात. संपला! मी अव्वाला आनंदाने सांगितलंसुद्धा, संपवला म्हणून. नावं संपल्यावर अगदी शेवटी एक चित्र येतं, तुरुंगात ती शिवत बसलेली. डाग बीटाचा होता. ती स्वयंपाक करत होती.

मी कंट्रोलर ठेवला आणि बाहेर जाऊन नवी पेठेपर्यंत चालत गेलो. माझ्या वयाला ते लांब पडतं. येताना रिक्षा केली.

मग परत पहिल्यापासून खेळलो, खरा खुनी काढला, त्याचं नाव घेतलं. तो मालकाचा थोरला भाऊ होता, सगळ्यांत सभ्य, सगळ्यांत जास्त मदत करणारा, प्रत्येक चौकशीत मोलकरणीकडे अलगद बोट दाखवणारा. खेळ म्हणून हा सगळ्यांत चांगला. पण तो मी परत कधी लावणार नाही.

आता एक दुरुस्ती. पहिल्या पत्रात मी लिहिलं की चष्मा जवळ नव्हता. चष्मा जवळ होता. डोळ्यांवर होता. मी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं आणि मग सही केली. आयुष्यात मी न वाचता कशावर सही केलेली नाही, आणि या वयात तशी थाप मारून तुझ्यापुढे मी बिचारा होणार नाही.

सोमवारी संध्याकाळी कल्लप्पा आला होता, माझा धाकटा भाऊ. आशिषनेच बोलावलं असणार. म्हणाला, ‘अण्णा, म्हातारपणी हे काय खूळ? लोक हसायलेत. पोराचा संसार मोडायलाय अन् तू बाहुल्या नाचवत बसलायस.’

मी म्हणालो, ‘संसार मोडून झाला की. आता मोडला कुणी एवढंच ठरायचंय.’

‘ते कोर्ट ठरवंल.’

‘कोर्टाला सांगणार कोण? मीच ना?’

तो चहा न घेता गेला.

सिद्रामप्पा


जुळे सोलापूर
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

चेतना,

पाचवा खेळ पुलावरच्या राक्षसाचा. याच्यापुढे तू कंसात ‘अप्पांना जमणार नाही’ असं लिहिलं होतंस. जमला.

त्रेसष्ट वेळा मेलो. तलवार घेतलेला एक किरकोळ माणूस, समोर वाड्याएवढा राक्षस, आणि पूल इतका अरुंद की बाजूला व्हायला जागा नाही. मी आधी मागे सरकायचो. मागे सरकलं की तो हातोडा फेकतो आणि खेळ खलास. चाळीसेक वेळा मी मागेच सरकत राहिलो, कारण समोर काहीतरी धावून आलं की माझे पाय आपोआप मागे जातात. मग एकदा चुकून पुढचं बटण दाबलं गेलं आणि मी त्याच्या पायांमधून पलीकडे गेलो. तिथं त्याचा हात पोचत नव्हता. तरी वीस वेळा मेलो. शुक्रवारी संध्याकाळी तो पडला. मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या सावित्रम्मा धावत वर आल्या. त्यांना वाटलं अव्वाला काही झालं. ‘राक्षस मेला,’ म्हटलं. त्या माझ्याकडे बघत दोन मिनिटं उभ्या राहिल्या.

आता त्या मंगळवारचं लिहितो. तुला सगळं माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहितो. हा कागद तुझ्या वकीलबाईंना द्यायचा असेल तर दे.

१२ मार्चला सकाळी तू टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन द्यायला एमआयडीसीत निघालीस. जाताना मला म्हणालीस, ‘अप्पा, अव्वांना आंघोळीचं पाणी काढून दिलंय. जरा कान असू द्या.’ मी ‘हो’ म्हणालो. तुझी गाडी कोपऱ्यावरून वळली आणि मी मशीन लावलं. तू शिकवलेला तो ट्रक चालवायचा खेळ. अव्वाला आवाज खपत नाही म्हणून हेडफोन घातले. ती कधी पडली मला माहीत नाही. तू दार उघडून आत आलीस तेव्हा ती बाथरूममध्ये अर्धा तास पडून होती आणि मी घाटात ट्रक चालवत होतो. तू माझा खांदा हलवलास. तूच तिला उचललंस, तूच रिक्षा आणलीस. मी मागे मागे आलो, पायात दोन वेगळ्या चपला.

आशिष अव्वाची फाइल घ्यायला घरी गेला तेव्हा त्याला टीव्हीवर थांबलेला खेळ आणि सोफ्यावर हेडफोन दिसले. हॉस्पिटलच्या बोळात येऊन तो तुझ्यावर ओरडला. तू म्हणालीस, ‘मी घरात नव्हते. अप्पांना विचार.’

त्याने विचारलं, ‘अप्पा, कोण खेळत होतं?’

मी म्हणालो, ‘मला काय माहीत? मी गॅलरीत पेपर वाचत होतो.’

तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने पाहिलं असतंस तर मला सोपं गेलं असतं. ऑफिसात एखादी सही खरी की बनावट हे पडताळताना बघतात, तसं बघितलंस. मग अव्वाच्या औषधांची चिठ्ठी घेऊन खाली गेलीस.

मशीनमध्ये ती वेळ अजून आहे. १२ मार्च, अकरा बावन्न. नाव : अप्पा. आशिषने किंवा त्याच्या वकिलांनी पुरावा म्हणून जपलेलं ते मशीन एकदा चालू करून बघितलं असतं तर मला लिहावंही लागलं नसतं.

काल अव्वाला सांगितलं. तिला चहा दिला, समोर स्टुलावर बसलो आणि म्हणालो, ‘त्या दिवशी चेतना घरात नव्हती. हेडफोन माझ्या कानाला होते.’

तिने चहा बशीत ओतला. प्याली. मग म्हणाली, ‘मला ठाऊक हाय की.’

‘कसं?’

‘पडल्यावर मी ‘अहो, अहो’ म्हणून हाका मारत होते. चेतनाला कशाला मारू? ती मला सांगूनच गेली होती.’

‘मग सतरा महिने बोलली का नाहीस?’

‘तुमी कवा बोलताय ते बघत होते.’

तीच पुढे म्हणाली, ‘तुमालाच कशाला बोलायचं? मीबी तोंड शिवून बसले. लेकाचं घर ऱ्हावं म्हणून. घर कुठलं ऱ्हातंय त्यानं? पोरगी तेवढी गेली.’ बशी माझ्या हातात दिली. ‘कोर्टात काय सांगणाराय?’

‘हेच.’

‘मग शर्ट नीट इस्त्रीचा घाला,’ म्हणाली.

सिद्रामप्पा


जुळे सोलापूर
बुधवार, २० ऑगस्ट २०२५

चेतना,

काल तू कोर्टात नव्हतीस. तुझ्या वकीलबाईंनी फोनवर सांगितलंच असेल, पण त्या वकील आहेत, मोजकं सांगणार. मी सगळं सांगतो.

दोन तास बाकावर बसवल्यावर माझं नाव पुकारलं. आशिष समोर बसला होता. त्याच्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र माझ्यापुढे धरलं.

‘हे तुमचं प्रतिज्ञापत्र?’

‘हो.’

‘यावरची सही तुमची?’

‘माझी.’

‘यातला मजकूर खरा आणि बरोबर आहे?’

‘सही खरी आहे. मजकूर खोटा आहे.’

ते हसले. म्हणाले, ‘काका, प्रश्न नीट ऐका.’

‘ऐकला. उत्तर तेच आहे.’

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. ‘आजोबा, तुम्ही हे वाचून सही केली होती का?’

‘वाचून केली, मॅडम. दोनदा वाचलं. ‘दुर्लक्ष’मधला उकार दीर्घ पडला होता, तो ऱ्हस्व करून घेतला. बाकीचं खोटं तसंच ठेवलं.’

कुणीतरी मागे हसलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘शपथेवर खोटं लिहून दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, माहीत आहे?’

‘माहीत आहे. होऊ द्या.’

मग मी सांगितलं. तुला जे मागच्या पत्रात लिहिलं तेच, त्याच क्रमाने. ट्रकचा खेळ म्हणालो तेव्हा टंकलेखकाने बोटं थांबवून माझ्याकडे बघितलं. ‘लिहा,’ म्हटलं, ‘ट्रकचा खेळ. अडुसष्ट वर्षांचा माणूस, कानाला हेडफोन.’ वही दिली. मशीन तपासायला आणवा म्हणालो.

आशिषच्या वकिलांनी अर्ज दिला की हा साक्षीदार फितूर झाला आहे. फितूर! मी शाळेत इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द वाचला होता. किल्ल्याचा दरवाजा रात्री उघडून देणारे ते फितूर. मला म्हणाले, ‘तुम्ही सुनेच्या बाजूला फितूर झालात, तिने काय कबूल केलंय तुम्हाला?’

मी म्हणालो, ‘तिने माझ्या चार पत्रांना एक ओळ उत्तर दिलेलं नाही. आणि तिचं बरोबर आहे.’

मग तुझ्या वकीलबाई उठल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘त्या संध्याकाळी घरी आल्यावर तुमच्या मुलाने माझ्या अशिलावर हात उचलला, हे तुम्ही पाहिलं?’

चेतना, हे मी तुला कुठल्याच पत्रात लिहिलं नव्हतं. मुद्दाम लिहिलं नव्हतं. तिथंसुद्धा मला सुटायला वाट होती. पाहिलं नाही, एवढंच म्हणून मी खाली उतरू शकलो असतो, आणि ते खोटं नसतं.

‘पाहिलं नाही,’ मी म्हणालो. ‘ऐकलं. मी आतल्या खोलीत होतो. दार लोटलेलं होतं. थापडेचा आवाज भांडं पडल्यासारखा नसतो, मॅडम. दोनदा ऐकला. नंतर चेतनाचा आवाज आला नाही, म्हणून मला कळलं.’

आशिष उठून बाहेर गेला. दार आपटलं नाही त्याने. हळूच लावून घेतलं.

घरी आलो तेव्हा तो बॅग भरत होता. म्हणाला, ‘होटगी रोडला मित्राकडे चाललोय. तुमचं घर, तुम्ही ठेवा. खेळा.’ अव्वा पलंगावरून म्हणाली, ‘जेवून जा.’ तो जेवला नाही.

आज सकाळी कल्लप्पाचा फोन. ‘अण्णा, पोराची माफी माग. एकुलता एक हाय. उद्या तोंडात पाणी कोण घालंल?’ मी म्हणालो, ‘माझे दोन हात चालू आहेत, नुकताच राक्षस मारलाय. पाणी घेईन की मी.’ फोन ठेवल्यावर खेळ लावला नाही, हेही लिहितो, नाहीतर तुला वाटेल सगळं सोपं गेलं.

सिद्रामप्पा


जुळे सोलापूर
रविवार, ७ सप्टेंबर २०२५

चेतना,

परवा तुझा भाऊ युवराज आला. मशीन न्यायला. खोक्यात घालून, तारांना लावलेल्या चिठ्ठ्या तशाच ठेवून त्याच्या हवाली केलं. ट्रकच्या खेळातली ती नोंद पुसलेली नाही, कोर्टाने मागितलं तर दाखवता येईल. यादीही दिली आहे. पाच खेळांपुढे मी निकाली काढल्याची खूण केली आहे. सहाव्याला मी हात लावलेला नाही. तो तुझा.

युवराजने पाणीसुद्धा घेतलं नाही. दारात उभं राहून म्हणाला, ‘कोर्टाचं कळलं, असं ताईनं सांगायला सांगितलंय. अन् म्हणाली, आता पत्रं नकोत.’

‘बरं,’ म्हणालो. तो गाडी सुरू करेपर्यंत मी गॅलरीत उभा होतो.

तेव्हा हे शेवटचं. आज एक गोष्ट घडली ती तुझ्या हक्काची आहे, म्हणून ताकीद एकदा मोडतो. नंतर मोडणार नाही.

सकाळी आशिष अव्वाला बघायला आला. तिच्याजवळ तासभर बसला, तिचे पाय चेपले, माझ्याशी बोलला नाही. तो निघाला तसा मी त्याच्यामागे जिन्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, ‘मी कोर्टात बोललो ते परत घेणार नाही. पुढच्या तारखेला बोलावलं तरी तेच सांगेन. तू चेतनावर हात उचललास. ते तुझ्या पाठीमागे सांगितलं असं वाटायला नको, म्हणून इथं तुझ्या तोंडावर सांगतोय.’

तो चार पायऱ्या खाली गेला होता. थांबला. वळला. मला वाटलं आता ओरडेल. खालच्या दारातून सावित्रम्मा डोकावत होत्या.

तो हळू आवाजात म्हणाला, ‘तुम्हाला ऐकू आलं होतं ना, अप्पा?’

‘हो.’

‘पहिलाच आवाज ऐकू आला होता?’

‘हो. पहिलाच.’

‘मग बाहेर का नाही आलात?’

मी तयार उत्तरं घेऊन गेलो होतो. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन. हा प्रश्न मी धरलाच नव्हता.

‘भ्यालो,’ म्हणालो.

‘कुणाला?’

‘तुला.’

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खाली बसला, तिथंच, पायरीवर, ऑफिसच्या कपड्यांत, भिंतीला डोकं टेकून. मी वर उभा. सावित्रम्मांनी दार लावून घेतलं. तेव्हा तो म्हणाला, ‘मला वाटायचं तुम्हाला ते बरोबर वाटतंय.’

मी चार पायऱ्या उतरलो. मागे सरकलो नाही. त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, ‘नव्हतं बरोबर. तेव्हाही नव्हतं.’

तो गेला. परत येईल का माहीत नाही. त्याच्याबद्दल तू काही वेगळं वाटून घ्यावंस म्हणून मी हे लिहीत नाही. तो तुझा प्रश्न राहिलेला नाही, आणि राहू नये.

माझ्या तोंडून जे शब्द त्या संध्याकाळी, लोटलेलं दार उघडून, तुझ्यासाठी निघायला हवे होते, ते आज जिन्यावर निघाले. उशिरा निघाले. पण निघाले, आणि मी ते परत घेणार नाही.

सिद्रामप्पा